बाटलीवरचा आकडा कोणासाठी?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही वाइन शॉपमध्ये व्हिस्की, रम किंवा ब्रँडीची बाटली हातात घेतली, तर लेबलावर बहुधा एकच आकडा सापडतो : ४२.८ टक्के. सरकारी कागदपत्रांत ज्याला 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' म्हणतात, त्याचा हा जवळजवळ ठरलेला आकडा. भारतात बाटलीबंद होणाऱ्या कित्येक स्कॉचवर तोच असतो, गोव्याच्या बाटलीबंद काजू फेणीवरही अनेकदा तोच असतो. पेयांतला मद्यार्क मोजण्याच्या कामात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला आहे. या कामात आकड्यांशी रोजचा संबंध येतो आणि हळूहळू त्यांच्यामागचा हेतूही कळू लागतो. कोणता आकडा कोणी, कशासाठी मागितला होता, हे समजू लागते. लेबलावरच्या या आकड्याबद्दल माझे मत असे झाले आहे की, तो कर वसूल करणाऱ्यासाठी जन्माला आला आणि आजही त्याच्याशीच बोलतो. पिणाऱ्याच्या पोटात किती मद्यार्क जाणार, हे त्याला सांगण्याचे काम या आकड्यावर कोणी सोपवलेच नाही. ते आता सोपवले पाहिजे, आणि त्यासाठी टक्क्यांसोबत संपूर्ण बाटलीतल्या मद्यार्काचे वजन ग्रॅममध्ये छापले पाहिजे, असे मला कामाच्या अनुभवावरून ठामपणे वाटते.

४२.८ हा विचित्र आकडा आला कुठून, याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये आहे. १८१६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून मद्याचा जोर ठरवण्यासाठी साइक्स यांचा हायड्रोमीटर अधिकृत केला. त्या पद्धतीत ५१ अंश फॅरनहाइट तापमानाला ज्या मद्याचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या वजनाच्या तेराव्या हिश्श्याने कमी भरते, त्याला 'प्रूफ' मद्य म्हणत. आजच्या हिशेबात अशा मद्यात आकारमानाने सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क असतो. यालाच शंभर अंश धरले गेले. त्याच्या पाऊणपट जोराचे मद्य म्हणजे ७५ अंश प्रूफ, आबकारीच्या भाषेत '२५ अंडर प्रूफ'. ५७.१ची पाऊणपट केली की ४२.८ येतात. ब्रिटिशांनी स्वतः ही पद्धत १ जानेवारी १९८० रोजी सोडली आणि २० अंश सेल्सिअसला मोजलेले टक्के स्वीकारले. आपण लेबलावर टक्के घेतले, पण बाटलीतला जोर त्या जुन्या पाऊणपटीलाच बांधलेला राहिला. महाराष्ट्रात तर देशी दारूवरच्या कराचा हिशेबही अजून प्रूफ लिटरने होतो. जून २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने देशी दारूवरचा उत्पादन शुल्काचा दर १८० रुपयांवरून २०५ रुपये केला, तो प्रूफ लिटरमागे, म्हणजे शंभर अंश प्रूफच्या एका लिटरमागे. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीलिटरच्या क्वार्टरमध्ये ०.१३५ प्रूफ लिटर भरते, हे उत्पादन शुल्क विभागातल्या माणसाला सहज कळते. क्वार्टर विकत घेणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही.

कर मोजण्यासाठी हे माप वाईट आहे, असे मी म्हणत नाही. मद्यावरचा कर मद्यार्कावर असावा, बाटलीतल्या पाण्यावर नसावा, ही कल्पना शहाणपणाची आहे, आणि तिच्यामुळेच मद्यार्क अचूक मोजण्याची विद्या वाढली. फ्रान्समध्ये गे-ल्युसाक यांनी १८२०च्या दशकात आकारमानाच्या टक्क्यांवर आधारलेले अल्कोहोलमीटर तयार केले, तेही आबकारीच्या गरजेतून. गडबड झाली ती पुढे. सरकारसाठी बनवलेला आकडा तसाच उचलून लेबलावर ठेवला गेला आणि तो ग्राहकाची माहिती म्हणून मानला जाऊ लागला. अमेरिकेत प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट, ब्रिटनच्या जुन्या पद्धतीत ५७.१ टक्के म्हणजे शंभर. त्यामुळे चाळीस टक्क्यांची एकच व्हिस्की एका देशात ८० प्रूफ आणि दुसऱ्या देशात ७० प्रूफ ठरत असे. अमेरिकेतच १९३३मध्ये ३.२ टक्क्यांच्या बिअरला परवानगी मिळाली, ते टक्के वजनाचे होते. आकारमानाने तीच बिअर चार टक्क्यांची होती. आपल्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत वजनाने साधारण ३६ टक्केच मद्यार्क असतो. यातले काहीही खोटे नाही. पण प्रत्येक आकडा एखाद्या खात्याच्या सोयीने निवडलेला आहे आणि पिणाऱ्याची सोय त्यात कुठेच धरलेली नाही.

मद्यार्क मोजणे किती अवघड किंवा सोपे आहे, हे इथे सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असतो, म्हणून मिश्रणाची घनता पाहून त्याचे प्रमाण काढतात. यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तापमान ही त्यातली पहिली. विदर्भ-खानदेशातल्या उन्हाळ्यात नमुना २० अंशांऐवजी ३५ अंशांवर असेल आणि दुरुस्ती केली नाही, तर हायड्रोमीटर खऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के जास्त जोर दाखवतो. दुसरी गोष्ट साखर. ती घनता वाढवते आणि मद्यार्काला झाकते. गोड लिकरमध्ये हायड्रोमीटर थेट बुडवला तर आलेले वाचन निरुपयोगी असते. म्हणून नमुना आधी उकळून त्याची वाफ थंड करतात, मूळ आकारमान भरेपर्यंत पाणी घालतात आणि त्या स्वच्छ द्रवाची घनता घेतात. बिअर असेल तर त्याआधी तिच्यातला वायू हलवून काढून टाकावा लागतो. तिसरी गोष्ट अशी की मद्यार्क आणि पाणी मिसळले की दोन्ही आकसतात. पन्नास मिली आणि पन्नास मिली एकत्र केले तर शंभर मिली भरत नाही, ९६-९७ मिलीच भरते. त्यामुळे साध्या बेरजेवर विसंबता येत नाही, कोष्टक लागते. एवढी काळजी घेतली की टक्क्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत खात्रीचे उत्तर मिळते. हे रोजचे काम आहे. कोणतीही बऱ्यापैकी प्रयोगशाळा ते करते, आणि मद्य बनवणारा प्रत्येक कारखाना प्रत्येक बॅचसाठी ते करतोच, कारण करासाठी त्याला ते करावे लागते. थोडक्यात, बाटलीत नेमका किती मद्यार्क आहे हे बनवणाऱ्याला ठाऊक असते.

असे असताना स्ट्राँग बिअरची बाटली काय सांगते ते पाहावे. कित्येक बाटल्यांवर 'मद्यार्काचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक, परंतु ८ टक्क्यांपेक्षा अधिक नाही' अशा अर्थाची ओळ असते, किंवा नुसतेच 'कमाल ८ टक्के'. ही माहिती म्हणजे बिअरचा कायदेशीर वर्ग आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे मद्यपेयांविषयीचे २०१८चे नियम १ एप्रिल २०१९पासून लागू झाले. त्यांत पाच टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यावर आठ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग धरली आहे. महाराष्ट्रात कराचा दर या रेषेवर बदलतो, इतकेच नव्हे तर पिणाऱ्याचे कायदेशीर वयही बदलते : सौम्य बिअरसाठी २१ वर्षे, स्ट्राँगसाठी २५. म्हणजे बाटलीवरची ती ओळ अधिकाऱ्याला आवश्यक ते सगळे सांगते. पिणाऱ्याचे काय? ६५० मिलीच्या बाटलीत पाच टक्क्यांनी साडेबत्तीस मिली मद्यार्क येतो, आठ टक्क्यांनी बावन्न मिली. मद्यार्काचा एक मिलीलिटर ०.७९ ग्रॅम भरतो, त्यामुळे हेच वजनात २६ ग्रॅम आणि ४१ ग्रॅम होते. लेबलाने मोकळ्या ठेवलेल्या या जागेत पंधरा ग्रॅम मद्यार्क मावतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या तीस मिलीच्या स्मॉल पेगमध्ये दहा ग्रॅम मद्यार्क असतो. तेव्हा लेबल खरे असूनही, एका बाटलीमागे दीड स्मॉल पेग इतका मद्यार्क पिणाऱ्याच्या नकळत कमी किंवा जास्त असू शकतो. दोन बाटल्या घेणाऱ्याच्या बाबतीत तो तीन पेग होतो. किराणा दुकानात तेलाच्या पिशवीवर 'अर्धा लिटरहून अधिक, परंतु एक लिटरपेक्षा अधिक नाही' असे छापलेले आपण एक दिवसही चालवून घेतले नसते.

टक्क्यांचा एकच नेमका आकडा छापला तरी काम अर्धेच होते, हेही तितकेच खरे आहे. टक्के म्हणजे प्रमाण. शरीराला प्रमाणाशी देणेघेणे नसते, त्याला मात्रा कळते. आठ टक्के हा आकडा ४२.८च्या शेजारी ठेवला की लहान वाटतो, आणि 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' हा आपल्याकडचा समज त्या लहान वाटण्यावरच पोसला गेला आहे. प्रत्यक्षात आठ टक्क्यांच्या एका बाटलीत चार स्मॉल पेग, म्हणजे दोन लार्ज पेगांइतका मद्यार्क असतो. फळांच्या चवीची २७५ मिलीची रंगीत बाटली घ्या, तिच्यावर ४.८ टक्के लिहिलेले असते आणि ती सरबतासारखी गोड लागते, पण तिच्यात दहा ग्रॅम, म्हणजे पूर्ण स्मॉल पेगाचा मद्यार्क असतो. साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या दीडशे मिलीच्या ग्लासात जवळजवळ पंधरा ग्रॅम असतो. क्वार्टरमध्ये एकसष्ट ग्रॅम असतो, नाइंटीत तीस. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की कोणते पेय हलके आणि कोणते जड याबद्दलचे आपले अनेक ग्रह कोसळतात. आणि ही सगळी माहिती आजच्या लेबलातून काढायची तर ग्राहकाने आकारमान, टक्के आणि घनता यांचा गुणाकार दुकानाच्या काउंटरवर तोंडी करावा लागेल. मोटार वाहन कायद्याचे १८५वे कलम चालकाच्या रक्तात शंभर मिलीलिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घालते. कायदा चालकाला वजनाने मोजतो, आणि तोच कायदा पाळणाऱ्या देशातली बाटली त्याच्याशी आकारमानाच्या टक्क्यांत, तेही पाच ते आठ अशा पट्ट्यात बोलते. 'सुरक्षित राहा, मद्यपान करून वाहन चालवू नका' हा इशारा त्याच लेबलावर छापणे सक्तीचे आहे. तो योग्यच आहे, पण त्यात समोरच्या बाटलीविषयी काहीच नाही.

बिअर बनवणाऱ्यांचे यावर एक म्हणणे असते आणि ते गांभीर्याने घेतले पाहिजे. आंबवणे ही सजीव क्रिया आहे, यीस्ट प्रत्येक टाकीत सारखेच वागेल असे नाही, धान्य बदलते, तापमान बदलते. मग एकच आकडा छापायचा आणि एखादी बॅच अर्ध्या टक्क्याने इकडेतिकडे गेली तर फसवणुकीचा गुन्हा अंगावर घ्यायचा का? अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय जुना आणि रुळलेला आहे. युरोपीय संघाच्या अन्न लेबलांविषयीच्या नियमात १.२ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेल्या पेयावर एकच आकडा सक्तीचा आहे आणि त्याभोवती सूट दिली आहे : साडेपाच टक्क्यांपर्यंतच्या बिअरला अर्धा टक्का, त्याहून तेज बिअरला एक टक्का, आणि इतर बहुतेक मद्यांना ०.३ टक्का. आकडा सांगा, चुकण्याची वाजवी मुभा घ्या, असा हा सरळ व्यवहार आहे. तीन टक्क्यांचा पट्टा ही त्या अर्थाने मुभा नव्हेच. नाशिकच्या वाइनरींचे उदाहरण याहून जवळचे आहे. द्राक्षातली साखर काढणीच्या दिवसांत उन्हासोबत वाढत जाते, एका बागेतून दुसऱ्या बागेत बदलते, दर वर्षी बदलते. साखरेनुसार मद्यार्क बदलतो. बिअरच्या कारखान्यापेक्षा इथे निसर्गाचा हात कितीतरी मोठा आहे. तरीही वाइनच्या बाटलीवर एकच आकडा छापला जातो. ते त्यांना जमत असेल तर मोजून घेतलेल्या धान्यावर, तापमान राखलेल्या टाकीत बिअर करणाऱ्याला न जमण्याचे कारण नाही. जिथे पट्टा समजण्यासारखा आहे अशी एक जागा मला माहीत आहे, ती म्हणजे आयुर्वेदातली आसवे आणि अरिष्टे. दशमूलारिष्टासारख्या औषधात मद्यार्क आत आंबूनच तयार होतो आणि पाच ते दहा टक्के असा पट्टा औषधकोशातच मान्य आहे. पण ते औषध चमच्याने घेतले जाते, बाटलीने नाही. वीस मिलीत पाच टक्के आणि दहा टक्के यांच्यातला फरक एका मिलीचा आहे. मात्रा लहान असेल तर पट्टा चालतो. मात्रा ६५० मिली असेल तर तो चालत नाही.

याहून टोकदार आक्षेप वेगळा आहे : नेमका जोर मोठ्या अक्षरांत छापला, तर लोक जोर पाहूनच बाटली निवडतील आणि कंपन्या जोर वाढवत नेतील. हा आक्षेप केवळ कल्पनेतला नाही. अमेरिकेने दारूबंदी उठवल्यावर १९३५च्या कायद्याने बिअरच्या लेबलावर मद्यार्काचे प्रमाण छापायलाच बंदी घातली होती, ती नेमक्या याच भीतीने. कंपन्यांत जोराची शर्यत लागेल, असे तेव्हाच्या कायदेकर्त्यांना वाटत होते. साठ वर्षे ती बंदी टिकली. कूर्स या बिअर कंपनीने १९८७मध्ये प्रमाण छापण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९५मध्ये न्यायालयाने एकमताने बंदी रद्द केली. न्यायालयाला जी विसंगती खुपली ती मला अगदी ओळखीची वाटते : त्याच देशात वाइन आणि स्पिरिटच्या लेबलावर प्रमाण छापण्याची मुभा होती, काही बाबतींत सक्ती होती, आणि बिअरच्या जाहिरातीतही बऱ्याच राज्यांत ते सांगता येत होते, बंदी फक्त बाटलीवर. आपल्याकडे जोराची शर्यत थांबवायची असेल तर त्यासाठी आठ टक्क्यांची कायदेशीर कमाल मर्यादा आहेच. शिवाय आजचा पट्टा ती शर्यत थांबवत नाही, उलट तिला खतपाणी घालतो. 'कमाल आठ टक्के' असे वाचणारा ग्राहक आठच धरून चालतो. आपल्या बाजारात सौम्य बिअरपेक्षा स्ट्राँगचा खप कितीतरी अधिक आहे, तो आकडे न छापताच झाला आहे. जोर हवा असलेल्या माणसाला 'स्ट्राँग' हा एक शब्द पुरतो. ज्याला कमी प्यायचे आहे, दोन बाटल्यांतली हलकी निवडायची आहे, त्याच्यासाठी मात्र आज लेबलावर काहीच नाही. त्याचे नुकसान आपण करतो आहोत.

लेबल वाचतो कोण, असेही विचारले जाते. अक्षरे वाचत नसतील असे पिणारे आपल्याकडे आहेत, हे खरे. पण आकडा वाचत नाही असे गिऱ्हाईक मला तरी माहीत नाही. देशी दारूच्या दुकानासमोर उभा असलेला मजूरही नाइंटी आणि क्वार्टर यांतला फरक, त्यांच्या किमती आणि बाटलीवरची छापील किंमत बिनचूक जाणतो. आपली पिण्याची भाषाच आकड्यांची आहे. तिच्यात ग्रॅमचा आणखी एक आकडा सहज सामावेल, आणि दहा ग्रॅम म्हणजे एक स्मॉल पेग हे नाते इतके सोपे आहे की ते समजावून सांगायला शिबिर घ्यावे लागणार नाही. जागतिक पातळीवरही एका प्रमाण पेयासाठी दहा ग्रॅम हा आकडा बऱ्याच ठिकाणी धरला जातो. आपला पेग योगायोगाने त्याच्याशी जुळतो, ही सोय वाया घालवू नये. बारमध्ये पेग ग्लासातून येतो, तिथे लेबल दिसत नाही, हेही बरोबर आहे. पण परमिट रूममध्ये बिअर बहुधा बाटलीतूनच समोर येते, आणि गैरसमज सर्वांत मोठा आहे तो बिअरबद्दलच.

दारूबंदीच्या बाजूने काम करणाऱ्यांचा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे आणि तिच्यामागे, विशेषतः गडचिरोलीत, गावागावांतल्या बायकांचा मोठा लढा आहे. त्यांच्या बाजूचा माणूस विचारेल की ग्रॅमचे आकडे छापणे म्हणजे विषाला मात्रा ठरवून देणे नाही का? 'दोन पेगांपर्यंत चालते' असा परवाना लेबलच देणार नाही का? भीती समजते. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने मद्यपेयांना १९८८मध्येच माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितले की आरोग्याला निर्धोक अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही. म्हणूनच मी 'एवढे ग्रॅम चालतील' असे वाक्य लेबलावर मागत नाही, फक्त वजन मागतो. आयर्लंडने २०२३मध्ये केलेल्या नियमांत हेच दोन्ही एकत्र आणले : बाटलीतल्या मद्यार्काचे ग्रॅम आणि उष्मांक, त्याच्यासोबत यकृताचे आजार आणि कर्करोग यांचा थेट इशारा. उद्योगाच्या दबावात त्या नियमांची अंमलबजावणी २०२८पर्यंत पुढे ढकलली गेली आहे, यावरून मला एवढेच दिसते की ग्रॅमचा आकडा विक्रीला पोषक आहे असे मद्य विकणाऱ्यांना मुळीच वाटत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये बाटलीत किती प्रमाण पेये आहेत हे छापणे कितीतरी वर्षांपासून सक्तीचे आहे, आणि तिथले प्रमाण पेय दहाच ग्रॅमचे आहे. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने २०२४मध्ये मद्यपानाविषयीचा सल्ला ग्रॅममध्ये दिला, त्याच्या आधीच तिथल्या मोठ्या कंपन्यांनी डब्यांवर ग्रॅम छापायला सुरुवात केली होती. जिथे बंदी आहे तिथे ती राहू द्यावी. जिथे परवानगी देऊन, त्यावर कर घेऊन मद्य विकले जाते, तिथे त्याची मात्रा लपवून ठेवण्याने दारूबंदीचे कोणतेही काम पुढे जात नाही.

लेबलाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली, त्या पिशव्यांवर लेबल नव्हतेच, आणि मिथेनॉलपासून वाचवणारे कोणतेही लेबल नसते. तो पोलिसांचा, परवान्यांचा आणि गरिबीचा प्रश्न आहे. पण परवान्याच्या दारूतही आत काय आहे हे नीट सांगितले जात नसेल, तर परवान्याची आणि बिनपरवान्याची बाटली यांतला फरक लोकांना पटवून देताना आपली बाजू तेवढी लंगडी पडते.

मागणी मोठी नाही. प्रूफ लिटर कराच्या वहीत राहू द्यावे. लेबलावर टक्क्यांचा एकच आकडा असावा, त्याला वाजवी सूट असावी. आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच ठळकपणे, या बाटलीत एकूण इतके ग्रॅम मद्यार्क आहे, हे मराठीत आणि इंग्रजीत छापलेले असावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवी चाचणी लागत नाही. आकडा कारखान्याच्या नोंदवहीत आजच आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नियमात एक ओळ वाढवली तर हे होईल. ती येईपर्यंत वाचकाने हिशेब स्वतः करावा, एवढी विनंती. बाटलीचे मिलीलिटर घ्या, त्याला टक्क्यांनी गुणा, शंभराने भागा आणि आलेल्या उत्तराची आठ-दशांशपट करा. जे येईल ते ग्रॅम. टक्क्यांच्या जागी पट्टा छापलेला असेल, तर वरचा आकडा धरा.